मिस्ट्री स्नेलची पैदास आणि धरणाचं मऊ पाणी

गोगलगाय हातात घेतली की तिचा शंख दोन ठिकाणी बघायचा, टोकाला आणि तोंडाच्या कडेला. टोकाचे वळसे तिच्या लहानपणीचे, कड या आठवड्यातली. टोकावर खडूसारखे पांढरे खड्डे दिसले तर ती बरेच दिवस आम्लधर्मी पाण्यात राहिली आहे आणि पाण्याने शंख वरून विरघळवला आहे. टोक शाबूत, पण कड पातळ, नखाने दाबली तर चुरणारी, करवतीसारखी खाचांची असेल, तर पाण्यात किंवा खाण्यात कॅल्शियम कमी पडतंय. टोकाची झीज भरून येत नाही. कडेची पुढची वाढ मात्र तीनचार आठवड्यांत सुधारलेली दिसते. या दोन दुखण्यांचं मूळ वेगळं आहे. पीएच सहाच्या आसपास असलेल्या टाकीत नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या टाकणाऱ्याला टोकाची झीज थांबलेली दिसणार नाही.

घरच्या टाकीत पैदास करायला सगळ्यात मजेची गोगलगाय म्हणजे मिस्ट्री स्नेल, शास्त्रीय नाव पोमॅसिया डिफ्यूझा. मूळची दक्षिण अमेरिकेतली. पिवळी, निळसर, जांभळी, हस्तिदंती अशा रंगांत मिळते, चारपाच सेंटीमीटरपर्यंत वाढते, झाडांच्या निरोगी पानांना सहसा तोंड लावत नाही आणि अंडी पाण्याबाहेर घालते. हा शेवटचा गुण फार सोयीचा. पिल्लं किती हवीत ते तुम्ही ठरवता. रॅम्सहॉर्न किंवा ट्रम्पेट या टाकीतल्या दुसऱ्या गोगलगायींच्या बाबतीत ते त्याच ठरवतात.

पाणी

मुंबईला भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी येतं, पुण्याला खडकवासल्याचं. सह्याद्रीतल्या पावसाचं हे पाणी मऊ, म्हणजे कॅल्शियम कमी असलेलं. पिण्याला उत्तम, शंखाला उपाशी ठेवणारं. बोअरवेलचं पाणी बहुधा जड असतं. हीटिंग रॉडवर पांढरा थर धरत असेल तर गोगलगायीसाठी तुमचं अर्धं काम झालं. पण सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी सॉफ्टनरमधून येत असेल तर सावध. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा) ५०० दाखवतो, माणूस निर्धास्त होतो, आणि जीएच, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा, मात्र शून्याला टेकलेला असतो. टीडीएस मीटरला मीठ आणि कॅल्शियम यातला फरक कळत नाही. म्हणून जीएच आणि केएच (पीएच स्थिर ठेवणाऱ्या कार्बोनेटचं प्रमाण) मोजणारं थेंबांचं किट घ्या. हा एक खर्च टाळू नये.

लक्ष्य असं ठेवा: पीएच ७.२ ते ८, जीएच ८ ते १५ अंश, केएच किमान ५ अंश. एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका जडपणा.

सोपा आणि सुरक्षित मार्ग कोंबडीखाद्याच्या दुकानात मिळणारा शिंपल्यांचा चुरा. कोकणात असाल तर तिसऱ्यांच्या खाऊन झालेल्या शिंपल्या उकळून, वाळवून, फोडून घ्या. पन्नास लिटरला शंभर ते दीडशे ग्रॅम चुरा धुऊन जाळीच्या पिशवीत बांधायचा आणि फिल्टरच्या प्रवाहात ठेवायचा. पाणी आम्लधर्मी असेल तितका तो भराभर विरघळतो, पीएच साडेसातच्या वर गेला की जवळजवळ थांबतो. त्यामुळे जास्त पडला तरी घात होत नाही, आणि त्याच कारणाने घाईही चालत नाही. फरक दिसायला दोन आठवडे धरा. समुद्रफेसही चालतो. पक्ष्यांच्या पिंजऱ्याला लावतात तोच. तो तरंगतो, म्हणून अर्धा तास उकळून जड करून टाका. गोगलगायी त्यावर बसून तो किसून खातात. अंड्यांची टरफलं वापरायची तर आतला पापुद्रा उकळून काढा, नाहीतर दोन दिवसांत वास सुटतो.

केएचच कमी असेल तर खायचा सोडा. पन्नास लिटरला दीड ग्रॅम सोडा साधारण एक अंश वाढवतो. दिवसाला एका अंशापेक्षा जास्त नको, आणि त्याने जीएच वाढत नाही हे ध्यानात ठेवा.

पानाचा चुना टाकीत कधीही घालू नका. "चुना म्हणजे कॅल्शियमच की" हे अर्धसत्य फार टाक्या रिकाम्या करतं. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. मऊ पाण्यात त्याची चिमूटही पीएच दहाच्या वर ढकलू शकते आणि मासे, गोगलगायी, फिल्टरमधले जिवाणू एका दमात जातात.

टाकी

दोन फुटी टाकी घ्या, २४ × १२ × १५ इंचांची. वर दहा सेंटीमीटर जागा सोडली की आत सुमारे पन्नास लिटर पाणी राहतं. ही मोकळी जागा म्हणजे बाळंतिणीची खोली. मादी रात्री पाण्याबाहेर चढून काचेवर अंडी घालते. टाकी काठोकाठ भरली असेल तर ती झाकणावर घालते, झाकण नसेल तर टाकीबाहेर पडते आणि सकाळी सोफ्याखाली सापडते. झाकण घट्ट हवं. वायरींसाठी सोडलेली फट स्पंजाने बुजवा. दोन सेंटीमीटरच्या फटीतून ती सहज निघते.

फिल्टर स्पंजचा, एअर पंपावर चालणारा. पॉवर फिल्टरच्या तोंडाला जाळी बांधली नाही तर पिल्लं आत ओढली जातात. टाकी नवी असेल तर घाण पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे द्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्य झाल्यावरच गोगलगायी सोडा. "आधी गोगलगायी सोडा, त्या टाकी साफ ठेवतील" हा दुकानातला सल्ला उलटा आहे. गोगलगाय शेवाळ खाते हे खरं, पण ती खाते त्या मानाने घाणही करते. दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, नव्या पाण्यातला क्लोरीन काढून आणि जडपणा जुन्याच्या जवळ आणून.

तापमान २२ ते २८ अंश. उष्ण पाण्यात त्या भराभर वाढतात, भराभर अंडी घालतात आणि लवकर मरतात. आयुष्य मुळात वर्षदीड वर्षाचं, फार तर दोन. विदर्भातल्या मे महिन्यात पाणी ३२ च्या वर गेलं तर झाकणाऐवजी बारीक जाळी लावून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. पाणी दोनतीन अंशांनी उतरतं. वीज गेल्यावर मासे वर येऊन धापा टाकतात तेव्हा मिस्ट्री स्नेल शांतपणे सोंड वर काढून हवा घेते. तिला कल्ला आणि फुप्फुस दोन्ही आहेत.

सोबती मासे गप्पी, टेट्रा, रासबोरा, कोरी. लोच आणि पफर नकोत, ते गोगलगायी खातात. बेट्टाचा भरवसा नाही. हलणारी सोंड आणि मिशा त्याला किडा वाटतात, आणि मिशा तुटलेली गोगलगाय खाणं सोडते. सिक्लिड तर विचारूच नका.

नर की मादी

मिस्ट्रीमध्ये नर-मादी वेगळे असतात. शंखाच्या तोंडाच्या आकारावरून ओळखण्याच्या युक्त्या सांगतात, त्यांच्यावर विसंबू नका. खात्रीची पद्धत अशी. गोगलगाय पाण्याबाहेर उलटी धरा, तोंड वर. ती सुलट व्हायला अंग बाहेर काढते तेव्हा तिच्या डोक्यामागे, तिच्या उजव्या बाजूला, शंख आणि अंग यांच्या मधल्या पोकळीत बघा. शंखाच्या छताला लागून फिकट, गोलसर, जाडसा उंचवटा दिसला तर नर. तिथे रिकामं असेल तर मादी. मोबाइलचा टॉर्च लागतो आणि धीर त्याहून जास्त लागतो. नाण्याएवढी होण्याआधी बघून उपयोग नाही.

इतका खटाटोप नको असेल तर सहा घ्या. नर आणि मादी सारख्याच प्रमाणात असतील असं धरलं तर सहाच्या सहा एकाच लिंगाच्या निघण्याची शक्यता बत्तीसात एक. पन्नास लिटरला सहा हा आकडाही बरोबर बसतो. एकटी मादी आणली तरी ती काही महिने फलित अंडी घालू शकते, कारण मिळालेलं वीर्य ती साठवून ठेवते. "एकटीने पिल्लं कशी दिली" या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा दुकानातल्या टाकीत असतं.

खाणं

दुधी, दोडका, काकडी, फरसबी, गाजर, भोपळा. साल काढून, दोनतीन मिनिटं उकळून, चमच्याला किंवा काट्याला टोचून बुडवायचं. साल काढायची ती कीटकनाशकासाठी. फुलकोबी याच कारणासाठी वगळा. संध्याकाळी टाकलेलं सकाळी उरलं तर काढून घ्या. पालक आवडीने खातात, पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून पालकावर भिस्त नको. त्यापेक्षा शेवग्याची पानं द्या. उकळून दिली की तुटून पडतात, आणि त्यांत कॅल्शियम भरपूर.

नुसत्या भाजीवर पैदास नीट चालत नाही, मादीला प्रथिनंही लागतात. आठवड्यातून तीनदा तळाशी बसणाऱ्या माशांच्या खाद्याची एकेक गोळी पुरे. किंवा जेली करा: दोनशे मिलिलिटर शिजवलेल्या फरसबी-गाजराची पातळ पेस्ट, दोन चमचे कुटलेलं मासेखाद्य, एक छोटा चमचा कॅल्शियम कार्बोनेटची किंवा टरफलांची वस्त्रगाळ पूड, आणि थोड्या पाण्यात उकळून विरघळवलेला तीनचार ग्रॅम चायना ग्रास. ताटलीत ओतून थंड करा, एक सेंटीमीटरचे तुकडे पाडा, फ्रीझरमध्ये ठेवा. मोठ्या गोगलगायीला एक तुकडा. मीठ, मसाला, तेलाचा हात लागता कामा नये. स्वयंपाकघरात करताना हे सांगावं लागतं.

अंडी

नर मादीच्या शंखावर चढून तासन्‌तास बसतो. त्यात काळजीसारखं काही नाही, ओढून वेगळं करू नका. काही दिवसांनी सकाळी काचेवर पाण्याच्या रेषेच्या वर तुतीच्या फळासारखा लांबट पुंजका दिसतो, फिकट गुलाबी-बदामी रंगाचा. पन्नासपासून दोनशेपर्यंत अंडी असतात.

रंग इथे नीट बघा. पुंजका भडक, डोळ्यात भरणारा गुलाबी असेल तर ती मिस्ट्री नव्हे. पोमॅसिया कॅनालिक्युलाटा या भावंडाची अंडी तशी असतात. ती हिरवं पान ठेवत नाही. १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून ती तैवानात नेली गेली, तिथून पसरली आणि आग्नेय आशियातल्या भातशेतीची मोठी कीड झाली. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखाजवळच्या भातखाचरांत याच प्रजातीतल्या गोगलगायी शिरल्यावर युरोपीय संघाने २०१२ मध्ये पोमॅसिया ही सगळी प्रजातीच बंद केली, बिचारी मिस्ट्रीसुद्धा त्यात गेली. असा भडक पुंजका दिसला तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. कोकणात किंवा भंडारा-गोंदियाकडे राहणाऱ्यांनी तर हयगय करूच नये, खाचरं दारात आहेत.

घातल्याबरोबर अंडी लिबलिबीत असतात. हात लावू नका. दीडदोन दिवसांत कवच टणक होतं. मग बोट ओलं करून पुंजका हळूहळू बाजूला सरकवत सोडवा, वर उचकटू नका.

उबवायला श्रीखंडाचा रिकामा डबा उत्तम. झाकणाला चारपाच भोकं पाडा, तळाशी टिश्यू पेपर भिजवून पिळून ठेवा, त्यावर बाटलीचं झाकण उपडं ठेवून त्यावर पुंजका. अंड्यांना दमट हवा लागते, पाणी लागायला नको. डबा टाकीतच तरंगत ठेवला की तापमान आपोआप सांभाळलं जातं. झाकणाच्या आतून ठिबकणारे थेंब हा नेहमीचा शत्रू. डबा किंचित तिरका राहील असं बघा आणि एक दिवसाआड उघडून हवा बदला. पुंजका कोरडा पडला तर आतलं पिल्लू सुकतं, भिजला तर गुदमरतं.

दहा-बारा दिवसांनी टॉर्च लावून बघा. फलित अंड्यांत काळसर ठिपके दिसतात, वांझ पुंजका एकसारखा फिका राहतो. फुटायच्या आधी पुंजका करडा, बुरसटल्यासारखा दिसतो आणि नवखी माणसं याच टप्प्यावर तो फेकून देतात. नाकाने ठरवा: सडका वास नसेल तर थांबा. २६-२७ अंशांना दोन ते तीन आठवडे, थंडीत चार. पहिली पिल्लं डब्यात फिरताना दिसली की पुंजका टाकीच्या पाण्यात धरून बोटांत अलगद चोळा. कवचं ठिसूळ झालेली असतात, उरलेली पिल्लं खाली पडतात.

पिल्लू दोनतीन मिलिमीटरचं, शंखासकट. ती वेगळ्या चकचकीत टाकीत नेऊ नका. जुन्या टाकीत बारीक जाळीचा पिंजरा लावा, कारण काचेवर आणि मॉसवर धरलेला पातळ बुळबुळीत थर हेच त्यांचं पहिलं अन्न. सोबत दिवसातून दोनदा चिमूटभर कुटलेलं खाद्य आणि शेवग्याचं उकळलेलं पान. या वयात कॅल्शियम कमी पडलं तर शंखाच्या पट्ट्या सुरकुततात आणि त्या खुणा जन्मभर राहतात. वीस लिटरला तीस पिल्लांच्या वर गर्दी केली की वाढ खुंटते. महिनाभरात वाटाण्याएवढी होतात, तीनचार महिन्यांत अंडी घालण्याजोगी. नव्या पाण्यात नेल्यावर शंखावर एक आडवी रेघ उमटते, ती वाढ थांबून परत सुरू झाल्याची खूण. आजार नाही.

मरतात कशाने

तांबं. मोरचूद असलेली बुरशीची आणि पांढऱ्या ठिपक्यांची औषधं, माशांना थोडी सोसतात, गोगलगायीला नाही. तांब्याची टाकी असलेल्या गिझरचं गरम पाणी बदलपाण्यात मिसळू नका. हायड्रा-प्लॅनेरिया या टाकीतल्या बारीक उपद्रवी जिवांसाठी फेनबेंडाझोल हे जंतांवरचं औषध वापरलं की नेराइट (शेवाळ खाणारी दुसरी गोगलगाय) आणि मिस्ट्री जातात, आणि त्याचा अंश वाळूत बरेच दिवस राहतो. खोलीत डास-झुरळांचा फवारा मारायचा असेल तर टाकी झाका आणि एअर पंप तेवढा वेळ बंद ठेवा, कारण पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो.

तरंगणारी किंवा दोन दिवस निपचित पडलेली गोगलगाय मेलेली असेलच असं नाही. बाहेर काढून हुंगा. मेलेली असेल तर प्रश्न उरत नाही. शंखाचं तोंड बंद करणारा झाकणासारखा पातळ पडदा बोटाने ढकलल्यावर आवळून घेतला तर जिवंत, लोंबकळला तर गेली. मेलेली ताबडतोब काढा. एवढ्या मोठ्या मांसाचा अमोनिया एका रात्रीत पन्नास लिटर बिघडवतो.

बाकीच्या

रॅम्सहॉर्नला जोडीची अट नाही, प्रत्येक गोगलगायीत दोन्ही लिंगं असतात. पानामागे चिकट पारदर्शक थेंबात दहावीस अंडी, एकदोन आठवड्यांत पिल्लं. लाल रंग तिच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा, कातडीत काळं द्रव्य नसलं की तो बाहेर दिसतो. लाल किंवा निळी जात टिकवायची तर तपकिरी एकही ठेवू नका, दोनतीन पिढ्यांत तपकिरीच उरतात. गॅलरीतल्या वीस लिटरच्या टबात पफरच्या खाण्यासाठी त्या वाढवता येतात. टबात दोन गप्पी सोडा, नाहीतर आधी डासांची पैदास होईल.

ट्रम्पेट आपल्याकडचीच. मादी नराशिवाय जिवंत पिल्लं देते, दिवसा वाळूत राहते. सगळ्या ट्रम्पेट भरदिवसा काचेवर चढल्या तर पाणी तपासा, प्राणवायू संपत आला आहे किंवा अमोनिया चढला आहे. नेराइट शेवाळ सगळ्यात छान खाते, पण तिच्या पिलांना खारट पाणी लागतं. गोड्या टाकीत लाकडावर पांढरे ठिपके मिळतात आणि तेवढंच. नेराइटची जोडी म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर हसून पुढे जा.

नको असलेल्या लहान गोगलगायी वाढल्या तर त्यांच्यावर औषध ओतू नका. वाळूत शेकडो मेलेल्या गोगलगायी सडल्यावर मासे जातात. खाद्य निम्म्यावर आणा, रात्री बाटलीत काकडीची चकती ठेवून सकाळी बाटली उचला. पंधरा दिवस हे केलं की संख्या उतरते, कारण ती मुळात उरलेल्या खाद्यावरच चढलेली असते. नवी झाडं आणली की लिटरला एक मोठा चमचा तुरटीच्या पाण्यात दोनतीन तास बुडवून खळखळून धुवा. गोगलगायी मरतात, अंडी सगळी मरतीलच असं नाही, म्हणून पान उलटून बघाच.

तळ्यातल्या किंवा भातखाचरातल्या गोगलगायी टाकीत आणू नका. आपल्या गावतळ्यांतली इंडोप्लॅनॉर्बिस गुरांच्या नाकात गाठी करणाऱ्या कृमीची वाहक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५० च्या दशकात माणसांमध्ये शिस्टोसोम या कृमीचा संसर्ग नोंदला गेला तेव्हा त्याचा वाहक म्हणून नाव निघालं तेही गोड्या पाण्यातल्या एका चिमुकल्या गोगलगायीचं. टाकीतच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या गोगलगायीत हा धोका राहत नाही, कारण कृमीचं चक्र पूर्ण व्हायला गुरं किंवा माणूस लागतो.

आता हिशोब. चांगलं खाणारी मादी आठवड्या-पंधरवड्याला एक पुंजका घालते. तीन माद्या, पुंजक्याला शंभर अंडी, म्हणजे महिन्याला सहाशे ते बाराशे. महिन्यात एकच पुंजका उबवा, बाकीचे ताजे असतानाच काढून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून कचऱ्यात टाका. नाला, विहीर, गणपती विसर्जनाचं तळं यांत अंडी किंवा गोगलगायी सोडायच्या नाहीत, टाकीचं पाणीसुद्धा झाडांच्या कुंडीत ओता. दुसऱ्या गावी द्यायच्या असतील तर पाण्याच्या पिशवीत घालू नका, हेलकाव्यात शंख एकमेकांवर आपटून कडा फुटतात. प्रत्येक गोगलगाय ओल्या, पिळलेल्या टिश्यूत वेगळी गुंडाळा, भोकं पाडलेल्या डब्यात दाटीने बसवा. उन्हाळा सोडून दोन दिवसांचा प्रवास त्या निभावतात. पोचल्यावर थेट टाकीत टाकू नका. भांड्यात घेऊन तासभर थेंबथेंब टाकीचं पाणी सोडा, आणि दोन दिवस हालचाल दिसली नाही तरी घाबरू नका.